यांत्रिक कंठ आणि बोलीचा हेल

आक्षेपक : चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका, एका अंगाला बेळगाव जिल्हा, दुसऱ्या अंगाला घाट उतरला की सिंधुदुर्ग, आणि तेथून गोवाही दूर नाही. अशा जागी वाढलेल्या चंदगडी बोलीने कोकणी आणि कन्नड या दोन्ही शेजाऱ्यांकडून पुष्कळ घेतले आहे. तरीही ती ओळखू येते ती निव्वळ शब्दांवरून नव्हे, तर हेलावरून, म्हणजे वाक्य कोठे चढते, कोठे रेंगाळते आणि शेवटचे अक्षर कसे सोडले जाते यावरून. अशा बोलीत रचलेले गाणे ध्वनिमुद्रित करताना ते व्होकोडरमधून काढावे आणि गायकाचा आवाज यंत्रमानवासारखा करावा, अशी सूचना होते, तेव्हा जे ऐकवण्यासाठी बोली निवडली तेच काढून टाकायचे असेल तर बोली निवडलीच कशासाठी, असे विचारणे भाग पडते. जिल्ह्यातील मिरवणुकांत डॉल्बीच्या भिंतींवर वाजणाऱ्या रीमिक्स गाण्यांत डीजेचे नाव यांत्रिक आवाजात पुकारले जाते. ते नाव कागलच्या माणसाने उच्चारले, गडहिंग्लजच्या की चंदगडच्या, हे त्या आवाजावरून कोणालाही सांगता येत नाही. गाव पुसून टाकणारे साधन गावाच्या गाण्यासाठी वापरणे हा उघड विरोधाभास आहे.

समर्थक : प्रश्न रास्त आहे, मात्र यंत्रासारखा ऐकू येणारा प्रत्येक आवाज व्होकोडरचा नसतो, आणि ज्या उपकरणाचा दोष नाही त्याच्यावर तो लादला गेला तर चर्चा भलतीकडेच जाईल. लोकांच्या मनात तीन वेगळी साधने एकत्र झाली आहेत. टॉक बॉक्समध्ये वाद्याचा ध्वनी नळीवाटे प्रत्यक्ष वादकाच्या तोंडात सोडला जातो आणि तो ओठ-जिभेने त्याला आकार देतो. ऑटो-ट्यून हे १९९७ मध्ये बाजारात आलेले संगणकीय साधन आहे. भूकंपलहरींच्या विश्लेषणातून तेलसाठे शोधण्याच्या कामात मुरलेल्या अँडी हिल्डेब्रँड यांनी ते तयार केले, आणि सूर जरा घसरला की त्याला जवळच्या स्वरावर नेऊन बसवणे हे त्याचे काम. अमेरिकन गायिका शेर यांच्या १९९८ च्या ‘बिलीव्ह’ या गाण्यातील प्रसिद्ध तुटक आवाज याच साधनाचा होता. पण निर्मात्यांनी आरंभी तो व्होकोडरसारख्या पेडलचा परिणाम असल्याचे सांगितले, आणि तेव्हापासून हा घोळ अधिकच पक्का झाला.

व्होकोडरला दोन ध्वनी लागतात. एक माणसाचा आवाज, ज्याला मॉड्युलेटर म्हणजे नियंत्रक ध्वनी म्हणतात. दुसरा बहुधा सिंथेसायझरचा अखंड, घुमणारा स्वर, ज्याला कॅरिअर म्हणजे वाहक ध्वनी म्हणतात. माणसाचा आवाज फिल्टरांच्या साहाय्याने, वारंवारतेनुसार, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येनुसार, दहा, सोळा, वीस किंवा अधिक पट्ट्यांत वाटला जातो, आणि प्रत्येक पट्ट्यात क्षणोक्षणी किती जोर आहे एवढेच मोजले जाते. वाहक ध्वनीही तशाच पट्ट्यांत वाटून प्रत्येक पट्ट्याचा जोर त्या मोजमापाप्रमाणे कमी-अधिक केला जातो. ‘आ’ म्हणताना मुखविवराचा पहिला अनुनाद साधारण ७०० हर्ट्झच्या आसपास असतो. ‘ई’ म्हणताना तो ३०० च्या जवळ उतरतो आणि दुसरा अनुनाद २००० च्या वर चढतो. जोराची ही आकृती सिंथेसायझरच्या स्वरावर उमटली की तो स्वर ‘आई’ म्हणू लागतो. माणसाच्या तोंडाने घडवलेला प्रत्येक आकार तेथे शाबूत असतो. बदलतो तो फक्त कंठ. मग ज्या आवाजात जीभ, ओठ, दात आणि टाळू चंदगडचेच आहेत, त्या आवाजातून चंदगड पुसले गेले असे कसे म्हणता येईल?

आक्षेपक : या स्पष्टीकरणाने आक्षेप सुटत नाही, उलट त्याला नेमकी जागा मिळते. जीभ-ओठांचे आकार उरतात हे मान्य. पण हेल त्या आकारांत नसतोच. स्वरतंतू किती वेगाने कंप पावतात त्यावर आवाजाची उंची ठरते, आणि त्या उंचीचा चढउतार म्हणजेच हेल. व्होकोडर वापरणारा संगीतकार ती उंची टाकून देतो आणि तिच्या जागी कळफलकावर दाबलेली पट्टी बसवतो. या उपकरणाचा इतिहासच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी १९२८ मध्ये या कल्पनेवर काम सुरू केले ते संगीतासाठी नव्हे, तर दूरध्वनीच्या तारांतील जागा वाचवण्यासाठी. तोंडाच्या हालचाली ध्वनिकंपनांच्या मानाने फार संथ असतात, तेव्हा प्रत्यक्ष ध्वनी न पाठवता त्या हालचालींचे वर्णन पाठवले तर तारेतील दहापट जागा वाचेल, असा त्यांचा हिशेब होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील गुप्त संभाषणांसाठी उभारलेल्या ‘सिगसॅली’ या यंत्रणेच्या मुळाशी हाच व्होकोडर होता. इतक्या काटकसरीच्या त्या यंत्रणेतही आवाजाच्या दहा पट्ट्यांसाठी दहा मार्गिका ठेवल्यावर, त्याची उंची सांगण्यासाठी आणखी दोन राखून ठेवल्या होत्या. ज्या अभियंत्यांना एकेक मार्गिका महाग होती त्यांनी माणसाच्या बोलण्याचा चढउतार टाकला नाही; तो टाकला संगीतकारांनी, आणि तोही काही टंचाई नसताना. यापेक्षा उघड पुरावा कोणता हवा?

समर्थक : पुरावा खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष दुसराच आहे. दूरध्वनीच्या व्होकोडरमध्ये उंची स्वतंत्र मार्गिकेने जात होती, म्हणजे ती शब्दांपासून सुटी करता येते. आणि जे सुटे करता येते ते परतही जोडता येते. न्यूयॉर्कच्या १९३९ च्या जागतिक प्रदर्शनात डडली यांचे ‘व्होडर’ हे बोलणारे यंत्र मांडले होते. प्रशिक्षित स्त्रिया ते चालवीत, बोटांनी पट्ट्यांचे जोर ठरवीत आणि आवाजाची उंची पायाखालच्या पेडलने कमी-जास्त करीत. यंत्राला हेल देण्याची सोय अशी अगदी आरंभापासून होती. आजच्या ध्वनिमुद्रणातही गायकाच्या आवाजाची उंची क्षणोक्षणी ओळखून वाहक ध्वनी तिच्या मागोमाग नेता येतो. असे केले की सिंथेसायझर चंदगडी हेलानेच चढतो, रेंगाळतो आणि शेवटचे अक्षर चंदगडी पद्धतीनेच सोडतो. बदलतो तो केवळ कंठाचा पोत. बहुतेक जण कळफलकावर एक पट्टी दाबून मोकळे होतात, हा त्यांचा आळस. उपकरणाने त्यांना तसे करायला भाग पाडलेले नसते.

येथून आणखी एक गोष्ट उघड होते, आणि ती आपल्या आक्षेपाची दिशाच बदलणारी आहे. ऑटो-ट्यून कंठाचा पोत जसाच्या तसा ठेवते आणि चढउतार मात्र बारा स्वरांच्या पायऱ्यांवर सपाट करत नेते. उंचीचा माग घेणारा व्होकोडर नेमके उलटे करतो : कंठ बदलतो, चढउतार राखतो. हेल हाच बोलीचा प्राण असेल, तर तिला खरा धोका यंत्रमानवाच्या आवाजापासून नाही. तो आहे मानवी वाटणाऱ्या, गोड, स्वच्छ, सुरात बसवलेल्या आवाजापासून, कारण तेथे काय गेले हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. चंदगडी गाण्यावर ऑटो-ट्यून चढवले तर कोणी हरकत घेणार नाही, आणि व्होकोडर म्हटले की सभा बसते. ही सावधगिरी चुकीच्या दारावर पहारा देते आहे.

आक्षेपक : ऑटो-ट्यूनसंबंधीचे म्हणणे निर्विवाद मान्य, त्या दारावरही पहारा हवा. पण दुसरा चोर मोठा आहे म्हणून पहिल्याला सोडून देता येत नाही. आकार सगळे शाबूत राहतात हे आपले पहिले विधान मात्र मराठीपुरते तपासून पाहावे लागेल, कारण ते इंग्रजीच्या मापाने केलेले दिसते. डडली यांच्या रचनेत ध्वनीचे उगम दोनच : स्वरतंतूंच्या कंपनाचा गुंजारव आणि हवेचा फूत्कार. प्रत्येक क्षणी यंत्र या दोहोंपैकी एक निवडते. ‘ग’, ‘म’, ‘ल’ यांना गुंजारव आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांना फूत्कार. घोष आणि अघोष वर्णांची ही विभागणी भारतीय शिक्षाशास्त्राला, म्हणजे प्राचीन उच्चारशास्त्राला, परिचित होती. नाद आणि श्वास या नावांनी तिचे वर्णन प्रातिशाख्यांत, म्हणजे वेदांच्या उच्चारावरील ग्रंथांत, येते. पण ऋक्प्रातिशाख्याने तेथेच न थांबता सांगितले की घोष महाप्राणांत आणि हकारात नाद व श्वास दोन्ही एकाच वेळी असतात. मराठीचा अर्धा रुबाब याच वर्णांत आहे : घर, झाड, ढग, धान, भात. शिवाय म्ह, न्ह, ल्ह हे जोडवर्णही आहेत, आणि जिल्ह्याच्या नावातच ‘ल्ह’ बसला आहे. दोनांपैकी एक निवडणाऱ्या यंत्राला ‘कोल्हापूर’ म्हणायला लावले तर ते ‘ल’ गुंजारवात टाकते आणि त्यातला श्वास पुसट होतो. ऐकणाऱ्याला ‘कोलापूर’ ऐकू आले तर दोष त्याच्या कानाचा नाही. हेल परत जोडता येईलही. पण मराठी उच्चारातला हा मिश्र श्वास जोडायला यंत्रात जागाच ठेवलेली नव्हती.

समर्थक : हा आक्षेप आतापर्यंतच्या सर्वांत वजनदार आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर नाही, हे मान्य करणे योग्य. तरी दोन गोष्टी सांगता येतील. संगीतासाठी बनवलेल्या अनेक व्होकोडरांत वाहक ध्वनीत थोडा फूत्कार कायम मिसळता येतो, किंवा मूळ आवाजातील उंच वारंवारतेचा भाग गाळणी न लावता थेट पुढे सोडता येतो. त्यामुळे ‘स’ आणि ‘च’ स्पष्ट होतात आणि ‘भ’, ‘घ’ यांतला श्वासही काही अंशी परततो. दुसरी गोष्ट अशी की ही उणीव तंत्रज्ञाला शिकवणारी आहे. पट्ट्यांची संख्या, त्यांची वाटणी, फूत्काराचे प्रमाण हे सारे इंग्रजी कानांनी ठरवलेले आहे. मराठी कानांनी ते पुन्हा ठरवण्याला कोणाची आडकाठी आहे? जो ध्वनिमुद्रक ‘कोल्हापूर’ हा शब्द ओळखू येईपर्यंत यंत्राच्या मात्रा बदलत राहील, त्याला स्वतःच्या भाषेच्या उच्चारांची जितकी जाण येईल तितकी सरळ ध्वनिमुद्रणात कधीच येणार नाही. शिवाय व्होकोडर सैल उच्चार खपवून घेत नाही. गायकाने व्यंजने गिळली की यंत्रातून नुसती घरघर बाहेर पडते, त्यामुळे यंत्रासाठी गाणाऱ्याला नेहमीपेक्षा अधिक स्पष्ट गावे लागते. कौशल्याचा अभाव झाकण्याचे साधन म्हणून हे उपकरण अगदी निरुपयोगी आहे.

आक्षेपक : स्पष्ट उच्चार आणि जिवंत उच्चार एकच नव्हेत. बोलीत कित्येक अक्षरे मुद्दाम सैल सोडली जातात, आणि यंत्राला समजावे म्हणून ती घट्ट केली तर गायक नकळत प्रमाण मराठीकडे सरकेल. हा बदल यंत्रात शिरण्यापूर्वीच, माणसाच्या तोंडात घडेल. पण तो मुद्दा सध्या बाजूला ठेवू. संगीताच्या दृष्टीने यांत्रिक आवाजातून काय मिळते, हे अजून सांगितले गेलेले नाही. एखादी गोष्ट फार मोडत नाही, एवढ्याने ती करण्याचे कारण सिद्ध होत नाही.

समर्थक : कारणे प्रत्यक्ष कृतींतच दिसतात. वेंडी कार्लोस यांनी स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९७१ च्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या चित्रपटासाठी बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतील समूहगान व्होकोडरने गाववले, आणि जे संगीत मानवी बंधुभावाचे शिखर मानले जाते त्यात एक थंड, अस्वस्थ करणारी छटा आली. हिंसेत रमणाऱ्या नायकाची कथा सांगणाऱ्या चित्रपटाला तीच हवी होती. जर्मनीतील क्राफ्टवेर्क या गटाने १९७८ च्या ‘द मॅन-मशीन’ मध्ये यंत्रमानवाचा आवाज उघडपणे स्वतःचा म्हणून घेतला. कारखान्यांच्या देशात वाढलेल्या पिढीने आपल्या भोवतालाला दिलेला तो स्वर होता. त्याच वर्षी हर्बी हँकॉक या जॅझ पियानोवादकाने ‘सनलाइट’ या ध्वनिमुद्रिकेत व्होकोडर वापरला, तो यंत्र दिसावे म्हणून नव्हे, तर बोटांनी गाता यावे म्हणून. आणि १९८२ मध्ये नील यंग यांनी ‘ट्रान्स’ काढली, तेव्हा त्यांच्या चाहत्यांना धक्का बसला. पण त्या यांत्रिक आवाजामागे सेरेब्रल पाल्सी असलेला, बोलू न शकणारा मुलगा होता, आणि बाप-लेकांतला संवाद किती अवघड असतो हे त्या न कळणाऱ्या शब्दांतून ऐकू यावे, असा त्यांचा हेतू होता. चार ठिकाणी चार अर्थ. यांत्रिक आवाज म्हणजे भावनेचा अभाव, ही समजूत या एका ‘ट्रान्स’ समोरही टिकत नाही.

चंदगडला या आवाजाची ओळख अनोळखी मार्गाने करून द्यावी लागणार नाही. घाटात मोबाइलची रेंज अपुरी पडली की पलीकडच्या माणसाचा आवाज तुटक आणि धातूसारखा होतो, हे ज्यांची मुले मुंबई-पुण्याला किंवा गोव्याला कामाला आहेत त्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मोबाइलवर आवाज जसाच्या तसा जात नाही; मुखविवराचे आणि कंठाचे संक्षिप्त वर्णन जाते आणि पलीकडचा फोन त्यावरून आवाज पुन्हा घडवतो. डडली यांची मूळ कल्पना पुढे नेणाऱ्या या संकेतनाच्या उभारणीत बिष्णू अटल या भारतीय वैज्ञानिकाचा वाटा फार मोठा आहे. बेल प्रयोगशाळेतच त्यांनी रेषीय पूर्वानुमानाची पद्धत, म्हणजे ध्वनीचा पुढचा क्षण मागच्या क्षणांवरून ताडण्याची पद्धत, बोलण्याच्या संकेतनासाठी विकसित केली. वर्णनाचा एखादा तुकडा वाटेत हरवला की फोन मागचाच तुकडा पुढे ओढतो, आणि आवाज यंत्राचा होतो. दूर गेलेल्या माणसाचा आवाज चंदगडच्या आईला असाच ऐकू येत असेल, तर विरहाच्या गाण्यात तो आवाज येणे परके कसे?

आक्षेपक : त्या आईला तुटक आवाज आवडत नाही, ती घराबाहेर, उंचवट्यावर जाऊन पुन्हा फोन लावते. तिची धडपड त्या यंत्रापलीकडचा मुलगा ऐकण्यासाठी असते. गाण्यात तो आवाज आणायचा असेल तर ही धडपडही आणावी लागेल. नुसता आवाज आणला तर ती दुःखाची सजावट होईल. ही अट मान्य असेल तर विरहगीतापुरता आक्षेप मागे घेता येईल.

समर्थक : अट मान्य आहे, आणि तिने कल्पना सुधारलीच. एका कडव्यात यंत्राचा आवाज आणि पुढच्या कडव्यात रेंज मिळाल्यासारखा मोकळा कंठ, अशी रचना त्या धडपडीला न्याय देऊ शकेल.

व्यापक भीतीबद्दल मात्र एक पूर्वानुभव आठवावा. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. बांधीव स्वरांचे हे परकीय वाद्य मींड काढू शकत नाही, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात अखंड सरकू शकत नाही, आणि म्हणून ते गायकीचा कणा मोडेल, असा युक्तिवाद होता. त्या बंदीच्या काळातही मैफलीत, भजनात आणि नाट्यपदांत पेटी वाजतच राहिली. कोल्हापूरच्या मातीतले गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला प्रतिष्ठेच्या जागी नेऊन बसवले होते. आज चंदगडच्या कोणत्याही भजनी मंडळातून पेटी बाहेर काढण्याची सूचना कोणी करून पाहावी. यंत्राने गायकी मरेल असे भाकीत झाले, आणि गायकीने यंत्र पचवले.

आक्षेपक : हार्मोनियमचे उदाहरण अशा प्रत्येक वादात येते, आणि त्यातला एक भेद प्रत्येक वेळी निसटतो. हार्मोनियम गळ्याच्या शेजारी बसली; तिला मींड येत नव्हती, पण गायकाला येत होती, आणि ऐकणारा दोन्ही एकाच वेळी ऐकत होता. पेटीची उणीव गळा भरून काढत असे. व्होकोडर गळ्याच्या शेजारी बसत नाही, गळ्याच्या जागी बसतो. तेथे उणीव राहिली तर भरून काढणारे कोणी उरत नाही. साथीचे यंत्र आणि कंठाची जागा घेणारे यंत्र यांना एकच माप लावता येणार नाही. आणि हा भेद मान्य झाला तर १९४० ची बंदी चूक होती एवढ्यावरून आजची शंका चूक ठरत नाही.

समर्थक : भेद मान्य; तो यापूर्वी इतक्या नेमकेपणाने मांडला गेलेला नव्हता. पण त्यातूनच एक वाट निघते. कंठाची जागा घेणारा ध्वनी सिंथेसायझरचाच असला पाहिजे, असे व्होकोडर कोठे म्हणतो? वाहक ध्वनीकडून त्याची अपेक्षा एवढीच की तो अखंड असावा आणि अनुस्वनांनी, म्हणजे मूळ स्वरावर उमटणाऱ्या उंच उपस्वरांनी, गच्च भरलेला असावा. कारण ज्या पट्ट्यात वाहक ध्वनीत काहीच नाही, त्या पट्ट्यात तोंडाचा आकार उमटायला पृष्ठभागच मिळत नाही. अशा ध्वनीचे जगातले उत्तम उदाहरण मिरजेत बनते. तंबोऱ्याची तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून जी जवारी काढली जाते, तिचे सारे प्रयोजन अनुस्वनांची ही दाटी निर्माण करणे हेच आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली, आणि मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. चंदगडी ओवी मिरजेच्या तंबोऱ्याच्या ध्वनीवर उमटवली, तर जो बोलेल तो परदेशी यंत्रमानव नसेल. बोलेल तो तंबोरा. तसाच हलगीचा कडकडाट वाहक केला तर हलगी बोलेल. गळ्याच्या जागी बसणारे वाद्यही याच मुलखातले असेल, तर परकेपणाचा आक्षेप कोठे उरतो?

आक्षेपक : कल्पना मोहक आहे आणि ती करून पाहण्यासारखी आहे, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. हलगीबद्दल मात्र शंका आहे. दोन आघातांमधल्या शांततेत शब्दाची अर्धी व्यंजने हरवतील. तंबोऱ्याचे तसे होणार नाही. पण तंबोरा एकाच पट्टीवर उभा असतो. त्यावर उमटवलेली ओवी षड्ज-पंचमाच्या अखंड गुंजनात बोलली जाईल, आणि दळताना बाईच्या गळ्यातून ती जशी हेलकावे घेत निघते ते हेलकावे तेथे नसतील. म्हणजे चर्चा जेथून निघाली तेथेच पुन्हा आली : वाहक परका नाही, पण हेल गेला. वाहक सिंथेसायझर ठेवून हेल राखायचा की तंबोरा घेऊन हेल सोडायचा? दोन्ही हवे असेल तर तंबोऱ्याचा ध्वनी संगणकावर गळ्याच्या उंचीमागे ओढावा लागेल, आणि मग तो तंबोरा राहिला काय, हे मिरजेच्या कारागिराला विचारावे लागेल.

समर्थक : विचारावेच. पण एवढे तरी मान्य व्हावे की आता प्रश्न ‘यंत्र की माणूस’ असा राहिलेला नाही. प्रत्येक रचनेत काहीतरी ठेवले जाते आणि काहीतरी सोडले जाते. कंठ, हेल, उच्चारातला श्वास, वाद्याची जात, यांपैकी काय सोडायचे हे दरवेळी ठरवावे लागते.

आक्षेपक : ठरवावे लागते हे खरे, पण ठरवतो कोण? ओवी गाणारी स्त्री, की शहरातल्या स्टुडिओत बसलेला ध्वनिसंयोजक? उपकरण कसे चालते हे जिला कोणी समजावून सांगितले नाही, तिची संमती कशी घ्यायची? नील यंग यांनी स्वतःचाच आवाज यंत्रात घातला होता, क्राफ्टवेर्कनेही. येथे प्रस्ताव दुसऱ्याचा आवाज घालण्याचा आहे. आणि या चर्चेत एक नवी गोष्टही मिसळली आहे. संगणकाकडून वाचन करवून घेणाऱ्या आजच्या प्रणालींत शेवटी ध्वनी तयार करणाऱ्या भागालाही व्होकोडरच म्हणतात, आणि तो यंत्रमानवासारखा मुळीच बोलत नाही; तो हुबेहूब माणसासारखा बोलतो. एका स्त्रीच्या थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून तिने कधीही न म्हटलेल्या ओव्या तिच्या आवाजात ऐकवता येतील, असे दिवस आले आहेत.

समर्थक : तेथेच यांत्रिक आवाजाची बाजू सर्वांत भक्कम आहे. तो स्वतःला लपवत नाही. पहिल्या अक्षरापासून ऐकणाऱ्याला कळते की येथे यंत्र मध्ये आहे. नक्कल करणारा गुळगुळीत आवाज ही ओळख देत नाही. मानवी आवाजाचा भास निर्माण करणे इतके सोपे झाले असताना, उघडपणे यांत्रिक असलेला आवाज हा सचोटीचा एक प्रकार ठरतो. संमतीबद्दल मात्र वाद नाही. गाणाऱ्या स्त्रीला तिचा बदललेला आवाज ऐकवल्यावाचून आणि तिने होकार दिल्यावाचून ते गाणे बाहेर जाऊ नये. तिने नकार दिला तर कल्पना कितीही सुंदर असो, ती तेथेच थांबली पाहिजे.

आक्षेपक : उघड असणे आणि योग्य असणे यांत अजून अंतर आहे, उघडपणे पुसलेला हेलही पुसलेलाच असतो. ते अंतर या संवादाने मिटलेले नाही आणि मिटल्याचे भासवण्यात अर्थ नाही. तरीही एका गोष्टीवर दोन्ही पक्षांनी आग्रह धरावा, आणि चंदगड, आजरा, गडहिंग्लज येथे अशी गाणी करणाऱ्या प्रत्येकाने ती अमलात आणावी. यंत्रात घालण्यापूर्वीचा कोरा आवाज, कोणताही संस्कार न केलेला, गाणाऱ्याच्या नावासह आणि गावासह वेगळा जतन करावा, आणि त्याची एक प्रत गाणाऱ्याच्या घरी द्यावी. कोऱ्या आवाजावरून व्होकोडरचे गाणे केव्हाही पुन्हा करता येते. एका पट्टीवर बसवलेल्या व्होकोडरच्या गाण्यातून मूळ गळ्याचा चढउतार परत काढता येत नाही.